साहेब वाढायला लागले तेव्हा

नवे साहेब आमच्या कारखान्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी कँटीनमध्ये आमटीची पळी हातात घेतली. कँटीन म्हणजे मागच्या बाजूची पत्र्याची शेड. भाकरी-भाजी प्रत्येकीची घरची, भात आणि आमटी कंपनीची. आधीचे साहेब काचेच्या केबिनमध्ये जेवायचे आणि जेवताना फोनवर कुणावर तरी ओरडत असायचे. हे साहेब बायकांच्या मागे रांगेत उभे राहिले, पुढे आल्यावर वाढणाऱ्या बाईंना म्हणाले, तुम्ही जेवायला बसा, आता मी वाढतो. बायकांनी ताटं पुढे केली, पण त्यांच्याकडे वर मान करून कुणी पाहिलं नाही. एरवी जेवणाच्या सुट्टीत त्या शेडमध्ये इतका कलकलाट असतो की मी कानाला हेडफोन लावून बसते. त्या दिवशी भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

मला मात्र ते दृश्य आवडलं होतं. कल्याणच्या कॉलेजात आम्हाला व्यवस्थापनाच्या विषयात एक प्रकरण होतं, सर्व्हंट लीडरशिप. आधी सेवा, मग नेतृत्व, माणसं समाधानी राहिली की काम सुधारतं आणि काम सुधारलं की धंदा. मी ते इंग्रजीत पाठ करून चांगले मार्क मिळवले होते. प्रत्यक्षात असा माणूस असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आता तो समोर उभा राहून भातावर आमटी घालत होता.

आमचा कारखाना मुरबाडच्या एमआयडीसीत, शेवटच्या रस्त्यावर आहे. पंख्यांच्या आणि मिक्सरच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात, त्या आम्ही बनवतो. एक बाई वायर कापते, दुसरी टोकं सोलते, तिसरी प्रेसवर त्या टोकाला पितळी टर्मिनल दाबून बसवते, मग जुडी बांधली जाते आणि शेवटी टेस्टिंगच्या बोर्डावर लावून बघितली जाते. सगळे दिवे लागले की जुडी पास. काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका सरळगाव, किन्हवली आणि आसपासच्या गावांतल्या. घरी थोडी भातशेती, आणि अंधार पडायच्या आत घरी पोहोचवणारी कंपनीची गाडी. ही गाडी आहे म्हणून बऱ्याच जणींना घरून नोकरीला परवानगी आहे.

मी ऑफिसात बसते. क्वालिटीचे रिपोर्ट आणि शेठना जाणारे इंग्रजी मेल माझ्याकडे असतात. मी शहापूरची, त्यामुळे सकाळी गाडीत सगळ्यांत आधी चढते आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी उतरते. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे फार लवकर अंगवळणी पडलं, आणि ते अजून सुटलेलं नाही. गाडीत बायका माझ्यासाठी खिडकीची जागा सोडतात आणि मला मॅडम म्हणतात. मी काय ऐकते आणि काय नाही, हे त्यांना कळत नाही. मलाही ते बरंच पडतं.

मेल माझ्या हातून जात असल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती जी बाहेर कुणाला माहीत नव्हती. पंख्यांच्या कंपनीकडून आमचा माल परत येत होता. टर्मिनल ढिलं, वायर सुटते, अशा तक्रारी. शेठनी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर पंख्यांची लाइन उचलून भिवंडीच्या प्लांटला न्यायची. पंख्यांची लाइन गेली तर मुरबाडला उरणार होतं जेमतेम अर्ध्या बायकांपुरतं काम. आणि हे कामगारांना कळता कामा नये, नाहीतर आधीच सोडून जातील, असंही शेठचं म्हणणं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हे गुप्त ठेवायला सांगितलं. मी मान हलवली. गुप्त ठेवणं हे माझ्यासाठी काही वेगळं काम नव्हतं.

साहेबांनी ठरवलं की बायकांना धाकात ठेवायचं नाही, त्यांना काय हवं ते द्यायचं, मग काम आपोआप सुधारेल. हे त्यांनी मनापासून ठरवलं होतं, अजूनही मला तसंच वाटतं. प्रेसवर बसणाऱ्यांसाठी पाय टेकायला लाकडी पाट करून घेतले. बंद पडलेला पंखा स्वतः स्टुलावर चढून सुरू केला. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कुणी सुट्टी मागितली तर कपाळाला आठी न घालता दिली. रोज लाइनवरून फिरायचे आणि प्रत्येकीला विचारायचे, मी तुमच्यासाठी काय करू? बायका म्हणायच्या, काय नाय साहेब, सगळं बरं हाय.

आणि गाडीत बसल्यावर वेगळंच बोलायच्या.

आमच्या लाइनवर सगळ्या जिला वहिनी म्हणतात ती बाई सरळगावच्या पुढच्या एका गावची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, टेस्टिंगच्या बोर्डावर बसते, दोन मुलींची शिक्षणं ह्याच नोकरीवर चालली आहेत. ती बोलायला लागली की गाडीचा ड्रायव्हरसुद्धा गाणी बंद करतो. पळीच्या त्या दिवशी परत येताना मागून कुणीतरी म्हणालं, आज साहेबांनी किती मायेनं वाढलं. वहिनी म्हणाली, "मायेनं नाय गो. कंपनीचं तेरावं दिसतंय ते. आपल्यात असं पाया पडून कवा वाढतात, ठावं नाय तुला?"

सगळ्या हसल्या. पण ते हसणं लगेच थांबलं, कारण प्रत्येकीला ते पटलं होतं. आमच्याकडे यजमान स्वतः वाढायला उभा राहतो तो लग्नात किंवा तेराव्याच्या जेवणात. साध्या दिवशी, मोठ्या माणसाने, कारण नसताना वाढायचं म्हणजे काहीतरी संपलेलं असतं. शिवाय त्यांच्या डोळ्यांसमोर एक उदाहरण होतं. आमच्याच रस्त्यावरचा एक कारखाना काही वर्षांपूर्वी बंद झाला, आणि बंद व्हायच्या आधी तिथल्या मालकाने सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले होते. वहिनीची जाऊ तिथे होती. तो डबा अजून घरात आहे आणि जाऊ त्याला हात लावत नाही, असं वहिनीने सांगितलं.

त्यानंतर साहेब जे जे चांगलं करत गेले ते ते बायकांनी त्याच हिशेबात धरलं. पाट आले, तेव्हा त्या म्हणाल्या, आता जायच्या वेळी पाट. साहेबांनी एकीच्या मुलाच्या दाखल्यासाठी ओळखीने फोन केला, तर दुसऱ्या दिवशी ती रडत होती की आता माझं नाव पहिलं निघणार. प्रेसवरच्या दोन हुशार मुलींनी हायवेवरच्या एका गोदामात काम बघून टाकलं आणि आठवड्याच्या आत गेल्या. उरलेल्यांचं लक्ष कामात राहिलं नाही. बंदच होणार असेल तर टर्मिनल नीट बसलं काय आणि नाही काय. माल आणखी परत यायला लागला. मी ते आकडे इंग्रजीत शेठना कळवत होते आणि साहेब रोज थोडे अधिक गोड बोलत होते.

पुस्तकातल्या त्या प्रकरणात हे कुठेच नव्हतं. तिथे सेवा केली की विश्वास येतो, एवढंच लिहिलं होतं. ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे तो तुमच्या ताटात वाढायला लागला तर तुमच्या मनात काय येतं, हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता.

गणपतीनंतर एका संध्याकाळी किन्हवलीच्या अलीकडे गाडीचं चाक पंक्चर झालं. सगळ्या खाली उतरल्या. मी थोडी बाजूला, बांधाजवळ उभी होते. वहिनी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच मला मॅडम न म्हणता म्हणाली, "पोरी, तू ऑफिसात बसतेस. लाइन जाणार का नाय, तेवढं सांग."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. येतं. पण तिच्याकडे बघून नाही म्हणायला जमेना आणि हो म्हणायची परवानगी नव्हती. मी म्हटलं की मला सांगता येणार नाही. तिने समोरच्या भाताकडे बघत हळूच मान हलवली. माझ्या उत्तरातून तिला हवं ते कळलं होतं. ती रागावली नाही. म्हणाली की धाकटीची बारावी आहे, नंतर तिला नर्सिंगला घालायचं ठरवलंय, आता काय ते बघावं लागेल. एवढं बोलून ती बायकांत जाऊन मिसळली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बोलावलं नसताना मी तिथे कधी गेले नव्हते. काय बोलायचं ते मी मनात इंग्रजीत तयार केलं होतं. इंग्रजीत ते सोपं वाटत होतं, रिपोर्टसारखं. पण साहेब मराठीत बोलले, या, बसा म्हणाले, आणि माझं तयार केलेलं सगळं निरुपयोगी झालं. मग मी जे ऐकलं होतं ते तसंच सांगितलं. तेरावं हा शब्दही सांगितला.

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, मी ह्यांच्याशी वाईट काय वागलो? मी म्हटलं, "वाईट नाही सर. त्या तुमच्या चांगुलपणाला घाबरल्यात. आधीचे साहेब ओरडायचे, तेव्हा निदान काय चाललंय ते कळायचं."

हे मी कसं बोलले, मला माहीत नाही. साहेबांनी शेठच्या ताकिदीची आठवण करून दिली, मला नाही, स्वतःलाच. सांगितलं तर शेठ माझ्यावर उखडतील, म्हणाले. नाही सांगितलं तरी बायका सोडून चालल्याच आहेत, हे मात्र दोघांपैकी कुणी बोललं नाही.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते शेडमध्ये आले आणि उभं राहून सगळं सांगितलं. माल परत येतोय, दिवाळीपर्यंतची मुदत आहे, नाहीतर पंख्यांची लाइन भिवंडीला जाईल. शेठनी सांगू नका म्हटलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं की गोंधळ होईल. तसं काही झालं नाही. उलट माणसं जरा सैल झाली, एकीने तर तोंडात थांबवलेला घास गिळला. मग साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी तुमच्यासाठी काय करू, आणि ह्या वेळी वहिनी उठली.

"आमाला वाढू नका साहेब," ती म्हणाली. "आमचं आमी घेऊ. आमच्या हातनं चूक झाली तर तुमाला येऊन सांगू. तवा आमच्यावर वरडू नका, नि शेठला उत्तर तुमी द्या. तेवढं करा."

मागून एक जण पुटपुटली, पंख्याखाली बसवलंत ते मात्र काढू नका. त्यावर सगळ्या हसल्या, साहेबही.

वहिनीच्या बोलण्यातली खोच मला ऑफिसात परत आल्यावर, गाडीत तुकड्यातुकड्यांत ऐकलेलं जुळवल्यावर कळली. माल परत का येत होता, ह्याचं उत्तर लाइनवरच्या प्रत्येकीला आधीपासून माहीत होतं. प्रेस कधीकधी हलकी बसते. टर्मिनल दाबलं जातं, टेस्टिंगला दिवाही लागतो, पण वायर जरा ओढली की हातात येते. प्रेसवरच्या बाईला हे हाताला जाणवतं. पण प्रेस थांबवली की काम अडतं, काम अडलं की आधीचे साहेब सगळ्यांसमोर बोलायचे, म्हणून कुणी थांबवायचं नाही. एवढीच ती गोष्ट होती. साहेबांनी पाट दिले, पंखा सुरू केला, मुलाच्या दाखल्यासाठी फोन केला. पण चूक सांगितली तर काय होईल, हे अजून कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते दिसायला फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी माल भरलेले खोके टेम्पोत चढत होते. गेटवर ड्रायव्हर घाई करत होता. प्रेसवर एक नवीन लग्न झालेली मुलगी बसायची, कधी कुणाशी बोलायची नाही, माझ्यासारखीच. ती उठली, साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की सकाळपासून प्रेस हलकी वाटत होती. मग तिने हातातली जुडी पुढे केली. साहेबांनी ती घेतली, एक वायर ओढली. ती निघून आली.

लाइनवर सगळ्यांचे हात थांबले होते.

साहेबांनी खोके उतरवायला सांगितले. ड्रायव्हर वैतागून रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. मग साहेबांनी तिथेच, लाइनच्या मध्ये उभं राहून शेठना फोन लावला. केबिनमध्ये जाऊन बोलले असते तरी चाललं असतं. शेठचा आवाज मोठा आहे, स्पीकर नसतानाही जवळच्यांना ऐकू येत होता. आजचा माल जाणार नाही, पुन्हा तपासून उद्या पाठवतो, असं साहेब म्हणाले. कुणाची चूक, हे शेठनी दोनदा विचारलं. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "प्लांट माझा आहे. चूक माझी धरा." पलीकडून जे बोललं गेलं ते मी लिहिणार नाही. साहेबांची मान लाल झाली होती, पण ते ऐकत उभे राहिले. ती मुलगी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

फोन संपल्यावर ते प्रेसच्या मेकॅनिकला हाक मारत निघून गेले. बायकांनी न सांगता खोके उघडले आणि एकेक वायर ओढून बघायला सुरुवात केली. ऑफिसात बसून राहणं मला बरं दिसेना. मी पण एक खोका ओढून घेतला. वहिनीने मला कशी ओढायची ते दाखवलं, फार जोरात नाही, फार हळू नाही. बोटं दुखेपर्यंत आम्ही ते केलं.

त्या दिवसापासून प्रेस थांबायला लागली. दिवसातून बरेचदा थांबायची. सुरुवातीला माल कमी निघाला आणि माझ्या रिपोर्टवर शेठचे रागाचे मेल आले. साहेब उत्तरं स्वतः लिहायला लागले. मग हळूहळू परत येणारा माल कमी झाला. एक मोठी अडचण मात्र तोंडावर होती. दिवाळीच्या आधीच भातकापणी येते, आणि दरवर्षी त्या दिवसांत अर्धी लाइन रिकामी असते. ह्या वर्षी तसं झालं असतं तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं असतं.

त्यावर तोडगा गाडीत निघाला. ज्यांचं भात हळवं, लवकर पिकणारं, त्या आधी सुट्टी घेणार, आणि गरवं, उशिरा पिकणारं भात असलेल्या तेव्हा त्यांची कामं सांभाळणार. मग उलट. ज्यांची कापणी अंगावर आली त्यांच्याकडे रविवारी बाकीच्या मदतीला जाणार. गावात एकमेकींच्या शेतावर असंच जातात, त्यामुळे त्यांना ह्यात नवीन काही वाटलं नाही. भांडणं झाली. एक जण म्हणाली की तिच्या नवऱ्याला हे पटणार नाही, तर वहिनी म्हणाली, त्याला सांग, लाइन गेली तर मीच घरी बसेन तुझ्यापुढं, दिवसभर. नवऱ्याला पटलं. साहेबांना फक्त शेवटी सांगितलं गेलं. ते म्हणाले की त्या दिवसांत टेस्टिंगला माणूस कमी पडला तर मी बसतो, आणि खरंच बसले. त्यांच्या हाताला वेग नव्हता. बायका त्यांची गंमत करायच्या, साहेब, तुमचा पगार जुडीवर असता तर उपाशी राहिला असता. ह्या वेळी मात्र त्यांच्याकडे बघून बोलायच्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शेठ स्वतः आले. लाइनवरून फिरले, माझे रिपोर्ट पाहिले आणि खूश झाले. त्यांच्या मते त्यांनी पाठवलेल्या नव्या टेस्टिंग बोर्डामुळे हा फरक पडला होता. तो बोर्ड तेव्हा अजून पूर्ण जोडलेलाही नव्हता. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही, म्हणाले, हो, बोर्ड चांगला आहे. मला त्यांचा राग आला. आजही मी ठरवू शकत नाही की ते बरोबर होते की नाही. स्वतःसाठी श्रेय घेतलं नाही हे ठीक, पण ते बायकांचंही होतं. कदाचित त्यांना त्या क्षणी फक्त लाइन वाचवायची होती. शेठ जाताना एवढंच म्हणाले की लाइन इथेच राहू दे, मार्चपर्यंत बघू.

संध्याकाळी गाडीत मी खिडकीकडे न जाता मधल्या सीटवर बसले. कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, लाइन राहतेय, मार्चपर्यंत. ह्या वेळी परवानगी विचारली नव्हती. मागच्या बाजूला दोघी-तिघींनी एकमेकींचे हात धरले. प्रेसवरची मुलगी खिडकीबाहेर बघत होती आणि हसत होती.

सरळगाव मागे पडल्यावर वहिनीने पिशवी मांडीवर नीट घेतली आणि शेजारणीकडे बोट करत म्हणाली, "मार्च झाला का लग्नं चालू होतात. माझ्या नणंदेच्या पोरीचं हाय, हिच्या भावाचं हाय. कोन कवा जाणार, ते साहेबांशी आताच बोलून ठेवायला पायजे."

मी म्हटलं, मी सांगू का त्यांना?

"तू कशाला?" ती म्हणाली. "मीच सांगतंय उद्या, जेवायच्या टाइमाला."